पानाखालचा थ्रिप्स बघायला लाखाची लेन्स कशाला?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढायच्या, छायाचित्रणावर पानभर लेख आला आहे. चतुराच्या डोळ्याचा फोटो सुरेख आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सोबतची खरेदीची यादी वाचून आमच्या घरात हसू पिकले. शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, तिच्याभोवती लावायचा गोल फ्लॅश, कॅमेरा पुढेमागे सरकवायची पट्टी, वजनदार तिपाई. आणि शेवटी सल्ला असा की कॉम्पॅक्ट (खिशातल्या छोट्या) कॅमेऱ्याचे दिवस संपले, घरात असेल तर भंगारात द्या. मी निफाड तालुक्यात द्राक्षबाग करते. माझ्या बागेतले अर्धे निर्णय त्या भंगारावर होतात, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

कॅमेरा कॅननचा पॉवरशॉट ए५७० आयएस. बाजारात आला २००७ साली. ७.१ मेगापिक्सेल, चौपट झूम, दोन पेन्सिल सेल. थोरल्या दिरांनी पुतणीच्या लग्नासाठी घेतला होता. हातोहाती फोन आल्यावर तो कपाटातल्या जुन्या चार्जरांच्या गुंत्यात जाऊन पडला. मी तो पॅकिंगच्या शेडमध्ये नेला, कारण औषधाचे, चिकाचे, मातीचे हात लागले तरी त्याबद्दल कोणी बोलणार नव्हते. सुनेच्या फोनला त्या हातांनी शिवायची माझी हिंमत नाही.

गरज कुठे पडली ते आधी सांगते. ऑक्टोबरच्या गोडी (फळांसाठीच्या) छाटणीनंतर फुटी निघाल्या की थ्रिप्स, म्हणजे फुलकिडा, येतो. आकार जेमतेम एक मिलिमीटर. पुढे फुलोऱ्यात आणि मणी धरताना त्याने खरवडले की मण्यावर तपकिरी खरूज कायमची राहते आणि माल निर्यातीतून बाद होतो. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला की तो दिसतो, पण दिसतो म्हणजे हलणारी रेघ दिसते. ती थ्रिप्स, की तुडतुड्याचे पिल्लू, की निरुपद्रवी काही, हे माझ्या वयाच्या डोळ्यांना कळत नाही. आणि फोनवर काढून पाठवलेल्या फोटोवर सल्ला देणाऱ्यालाही कळत नाही. तो बिचारा अंदाजाने एक औषध सांगतो, आपण अंदाजाने फवारतो. स्वस्त फोनांवर ‘मॅक्रो’ म्हणून जो वेगळा दोन मेगापिक्सेलचा डोळा बसवलेला असतो, त्याच्याबद्दल न बोललेले बरे.

लेखकमहाशयांनी एक गोष्ट सांगितलीच नाही. मॅक्रोसाठी कॉम्पॅक्टचा लहानपणा हाच त्याचा गुण आहे. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे आतली ज्यावर प्रतिमा पडते ती चिप, सुमारे पावणेसहा मिलिमीटर रुंद आहे. मोठ्या, फुल फ्रेम कॅमेऱ्याचा ३६ मिलिमीटर. बारा मिलिमीटर रुंदीचा पानाचा तुकडा चौकटीत भरून हवा असेल, तर मला त्याची प्रतिमा निम्म्या आकाराची पाडली की झाले. मोठ्या कॅमेऱ्याला तीच तिप्पट मोठी पाडावी लागते, आणि लाखाची लेन्स, सरकपट्टी वगैरे सगळा संसार त्या तिपटीसाठी मांडावा लागतो. शिवाय तेवढाच तुकडा चौकटीत घेतला आणि लेन्सच्या छिद्राचा (एफ) आकडा तोच ठेवला, तर लहान सेन्सरच्या फोटोत मागचे-पुढचे जास्त स्पष्ट येते. मोठा कॅमेरा अंधारात, लग्नात, पक्ष्यांच्या फोटोत सरसच. पानाखाली त्याचा तोरा चालत नाही.

सुरुवात अर्थातच फुलाचे चिन्ह असलेल्या बटणाने झाली. ते दाबले की हा कॅमेरा पाच सेंटीमीटरवरून फोकस घेतो, पण झूम अजिबात न करता. झूम केला की मागे सरकावे लागते. पाच सेंटीमीटरवर गेलात की कॅमेऱ्याचीच सावली पानावर पडते. फ्लॅश मारला तर लेन्सचे नळकांडे आडवे येऊन खालच्या कोपऱ्यात काळा चंद्र उमटतो. उडद्या भुंगा, अळी, पानावरचा डाग एवढ्याला हे पुरते. थ्रिप्स मात्र ठिपकाच राहतो.

मग भिंगे लावून पाहिली. घड्याळवाला डोळ्याला लावतो ते दहापट भिंग सगळ्यात सोपे. २५ सेंटीमीटरला दहाने भागा, अडीच सेंटीमीटर हा त्याचा फोकस. कॅमेऱ्याचा झूम पूर्ण ताणून ते समोर धरले की चौकटीत जेमतेम सहा मिलिमीटर मावतात. मध्यभाग चांगला येतो, कडा मात्र निळ्याजांभळ्या होऊन वाहून जातात. आणि वस्तू भिंगाला इतकी चिकटून असावी लागते की उजेड आत शिरायला फट राहत नाही.

त्याहून कितीतरी चांगली निघाली ती फिल्मच्या जमान्यातली पन्नास मिलिमीटरची लेन्स. तालुक्याच्या गावातल्या एका फोटो स्टुडिओत पडून होती, फार महाग पडली नाही. ती उलटी धरायची, म्हणजे जी बाजू कॅमेऱ्यात बसायची ती पानाकडे. तिचे छिद्र पूर्ण उघडे ठेवायचे आणि कमीजास्त करायचे ते कॅमेऱ्याचे. झूम पूर्ण ताणायचा, नाहीतर गोल खिडकीतून बघितल्यासारखे चित्र येते. पान लेन्सपासून साधारण साडेचार सेंटीमीटरवर आले की स्वच्छ दिसते, आणि तेवढ्या अंतरात बाजूने उजेड घालता येतो. चौकटीची रुंदी किती, हे मी आलेखाच्या कागदाचा फोटो काढून मोजले. मिलिमीटरचे बारा घर आणि थोडे वर. फोटोची रुंदी ३०७२ पिक्सेल आहे, म्हणजे एका मिलिमीटरला अडीचशे. एक मिलिमीटरचा थ्रिप्स अडीचशे पिक्सेल लांब! त्याचे निमुळते अंग, शिंगे, पाठीवर मिटलेले पंख मोजून घ्या.

लेन्स बसवण्यासाठी पाण्याच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा घेतला, आतून काळा रंग दिला. एकच काळजी घ्यायची. कॅमेऱ्याचे पुढे येणारे नळकांडे नाजूक असते, आतली मोटर ओझे सोसत नाही. म्हणून पाइप नळकांड्यावर टेकवायचा नाही, बाहेरून कॅमेऱ्याच्या अंगावर टेकवायचा. माझा कॅमेरा लाकडी घोडीवर पालथा बसतो, तोंड खाली टेबलाकडे. मोठ्या दुकानातल्या सरकपट्टीला मी वहीचे कागद हा पर्याय काढला आहे. एवढ्या जवळून स्पष्ट दिसणारी खोली अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते आणि साध्या कागदाची जाडी असते साधारण ०.१ मिलिमीटर. पानाखाली एकेक कागद सरकवत गेले की किड्याची पाठ, मग पाय, असे हळूहळू फोकसमध्ये येतात. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. दोन सेकंदांचा टायमर लावून बाजूला व्हायचे. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ८० वरच ठेवायची, वर नेला की दाणे येतात. छिद्र फार बारीक केले तर जास्त खोली मिळते पण चित्र मऊ पडते, म्हणून एफ ५.५ च्या आसपासच थांबते.

उजेडासाठी शेडची उत्तरेकडची खिडकी, समोर थर्माकोलचा तुकडा, आणि ढगाळ दिवशी एलईडीची बॅटरी बटर पेपरमागून. बुरशी बघायची असेल तर उजेड एका बाजूने आणि अगदी आडवा, म्हणजे तंतू उठून दिसतात. पानाखाली मुलांची जुनी पाटी ठेवते, काळी पार्श्वभूमी आयती मिळते. थ्रिप्स फार पळायला लागला तर पान डबीत घालून थोडा वेळ फ्रीजमध्ये. ही डबी दह्याच्या शेजारी सापडल्यावर घरात काय झाले, ते इथे लिहीत नाही.

आता याचा उपयोग. गेल्या हंगामात शेजारच्या बागेत कोवळ्या फुटींवर, बाळ्यांवर (तणाव्यांवर) आणि पानांच्या मागे बारीक पारदर्शक मणी दिसायला लागले. हवा दमट होती, वाढ जोरात होती. शेजाऱ्यांनी औषधाच्या दुकानात फोटो दाखवला. दुकानदार म्हणाला, अंडी आहेत, आजच फवारा, आणि दोन बाटल्या बांधून दिल्या. शेजारी येता येता माझ्याकडे डोकावले. एक फूट कॅमेऱ्याखाली ठेवली. मणी आरपार स्वच्छ, आत काही वाढत असल्याची खूण नाही, आकार एकसारखे नाहीत, कुठे मोठे कुठे बारीक, आणि पानाच्याच पेशींतून बारीक देठावर आलेले. सुईचे टोक लावले की पाणी होऊन बसत. हे वेलीचे स्वतःचे मणी. जोमाने वाढणाऱ्या द्राक्षवेलीवर ते येतात आणि अंडी म्हणून फसवतात. अंडी असती तर ठराविक आकाराची आणि चिकटवलेली दिसली असती. शेजाऱ्यांनी बाटल्या परत केल्या. दुकानदाराने घेतल्या, पण तोंड वाकडे करून.

मिलीबगचे, म्हणजे पिठ्या ढेकणाचे, तर याहून मोठे आहे. त्याच्यावर सोडतात तो क्रिप्टोलिमस भुंगा आपला मित्र. पण त्याची अळी दिसायला अगदी मिलीबगसारखी, अंगभर पांढरे मेणाचे धागे. नव्या मजुराला ‘पांढरे दिसले की चिरड’ एवढेच सांगितलेले असते, मग तो मित्रालाच चिरडतो. कॅमेऱ्याखाली दोघे शेजारी ठेवले की चूक होत नाही. मिलीबग मादी तीनेक मिलिमीटरची आणि बसल्या जागची. क्रिप्टोलिमसची मोठी अळी तिच्या तिपटी-चौपटीची, धागे लांब, आणि भराभर चालणारी. तिच्यासाठी उलटी लेन्सही लागत नाही, फुलाचे बटण पुरते. हे दोन फोटो छापून मी शेडच्या दारावर लावले आहेत. बायका कामावर येता-जाता बघतात आणि आता त्याच मला ओरडून दाखवतात, ‘ताई, हा आपला!’

भुरी ही बुरशी आणि वाळलेले औषध यांचा घोटाळाही नेहमीचा. पानावर राखेसारखे पांढरे दिसले की जीव घाबरा होतो. आडव्या उजेडात काढलेल्या फोटोत औषधाच्या थेंबाचा डाग कडेला दाट आणि मध्ये विरळ, गोल कड्यासारखा दिसतो. भुरी कड नसलेली, जाळीदार पसरते. डाउनी (केवडा) असेल तर पान उलटे करा. वर तेलकट डाग आणि बरोबर त्याच्या खाली पांढरी कापशी वाढ. आणि लाल कोळी की थ्रिप्स, असा प्रश्न पडला तर पाय मोजायचे, आठ की सहा. कोळी अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे शंभर-सव्वाशे पिक्सेलच मिळतात, पण स्थिर बसला तर तेवढ्यात पाय मोजता येतात. (कोळ्याच्या अगदी लहान पिल्लाला मात्र सहाच पाय असतात. निसर्गाला आमची सोय बघायची नसते.)

द्राक्षाबाहेरचेही सांगते. २०१८ साली मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली तेव्हा गावात प्रत्येक अळीला तेच नाव पडले. तिची ओळख अगदी नेमकी आहे. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, आणि शेपटीजवळच्या कप्प्यावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. हे दोन्ही पाच सेंटीमीटरवरून, कोणतेही भिंग न लावता, जुन्या कॉम्पॅक्टमध्ये लख्ख येते. माझ्या भावाने मक्याच्या पोंग्यातून काढलेली अळी अशीच तपासून मग पुढचे ठरवले.

या कॅमेऱ्याने सगळे होते असे मी म्हणत नाही. बुरशीचे बीजाणू बघायचे तर सूक्ष्मदर्शकच हवा. थ्रिप्सची नेमकी जात ठरवणे हे तज्ज्ञांचे काम, त्यासाठी नमुना पाठवावा लागतो. पुण्याजवळच्या मांजरी गावात राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे ते त्याचसाठी. उडता चतुर मला कधी मिळालेला नाही, मिळणारही नाही. माझी घोडी टेबलावरून हलत नाही. आणि ज्यांच्याकडे चांगला फोन आहे, त्यांनी फोनला चिमट्याचे भिंग लावून हेच करावे, माझे भांडण फोनशी नाही. भांडण आहे ते ‘भंगारात द्या’ या सल्ल्याशी. तो देताना लेखकमहाशयांना एवढेही आठवले नाही की पाणी लागले तरी चालणारे, एक सेंटीमीटरवरून फोटो काढणारे आणि वेगवेगळ्या फोकसचे फोटो आतल्या आत जोडून देणारे ऑलिंपसचे टीजी कॅमेरेही कॉम्पॅक्टच आहेत. २०१४ च्या टीजी-३ मध्ये ही जोडणी आली. ते माझ्या जुन्या कॅमेऱ्यापेक्षा महाग आहेत, पण आपल्या यादीच्या जवळपासही जात नाहीत.

आता मुख्य विनंती. आपण शेतीच्या पानावर वाचकांच्या कीड-रोगाच्या प्रश्नांना तज्ज्ञांची उत्तरे छापता. सोबत वाचकाने पाठवलेला फोटो असतो. बहुतेक वेळा त्यात हिरवा धूसर पट्टा आणि त्यावर एक ठिपका. आणि उत्तराची सुरुवात ‘फोटोवरून असे दिसते की’ अशी. मला दर वेळी प्रश्न पडतो, काय दिसते? तज्ज्ञांचा दोष नाही. फोटो कसा पाठवायचा हे आपण वाचकांना कधी सांगितलेलेच नाही.

सदराखाली दोन ओळींची सूचना छापा. फोटोत किड्याशेजारी मिलिमीटरची पट्टी किंवा आलेखाचा कागद ठेवा, म्हणजे आकार कळेल. पानाची वरची आणि खालची बाजू वेगळी काढा. एक फोटो पूर्ण वेलीचा किंवा झाडाचा द्या, कारण डाग शेंड्याकडून सुरू झाला की बुडाकडून, यावर अर्धे निदान असते. नेहमीच्या पद्धतीने व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो आक्रसतो, तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. शेवटची फवारणी कशाची आणि कधी, हे लिहा. आणि कपाटात जुना कॉम्पॅक्ट असेल तर त्याच्यावरचे फुलाचे बटण दाबून बघा, असेही छापलेत तर माझे समाधान होईल.

मेगापिक्सेलची चिंता आपल्या छपाई विभागाने करू नये. आपला फोटो दोन स्तंभांत, साधारण आठ सेंटीमीटर रुंद छापला जातो. इंचाला दोनशे ठिपके धरले तरी साडेसहाशे पिक्सेल पुरे. माझ्या कॅमेऱ्याचा फोटो ३०७२ चा आहे. चारही बाजूंनी कापून थ्रिप्स आणि त्याच्याभोवतीचे थोडे पान ठेवले तरी ते एका स्तंभाला पुरेल.

गोडी छाटण्या तोंडावर आल्या आहेत. त्यानंतरच्या पंधरवड्यात फुटींवर काय काय येते, त्याचे प्रश्न आपल्याकडे ढिगाने येतील. त्याआधीच्या अंकात ही सूचना आली तर उपयोग. वेलीचे मणी, क्रिप्टोलिमसची अळी आणि मिलीबग, औषधाचा डाग आणि भुरी, असे जोडीने काढलेले फोटो माझ्याकडे पट्टीसकट आहेत. आपण कळवलेत तर मूळ आकारात पाठवीन. मानधन नको. फक्त छापताना पट्टी कापू नका.

कळावे,
आपली,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक